दुसरा वाचक

स्वरूपा मॅडमनी डस्टर उचलले आणि फळ्यावरचे मिनलचे शेवटचे वाक्य पुसून टाकले.

वाक्य साधे होते. हाती असलेल्या अभ्यासांवरून निश्चित काही सांगता येत नाही. मॅडमनी डस्टर खाली ठेवून हात झटकेपर्यंत मिनल थांबली. मग तिने मार्कर घेतला आणि तेच वाक्य त्याच जागी पुन्हा लिहिले. अक्षर या वेळी थोडे मोठे आले.

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या मुबीनने मान खाली घातली.

"मिनल, हट्ट करायची ही जागा नाही."

"हट्ट नाही मॅडम. पुसलं म्हणून उत्तर बदलत नाही."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि मिनलने दिलेले कागद पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागल्या.

माण गावात, डोंगराच्या पायथ्याला उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत त्यांची कंपनी होती. काम एकाच प्रकारचे. आरोग्याच्या एखाद्या प्रश्नावर जगभरात झालेले अभ्यास शोधून काढायचे, आधी ठरवलेल्या नियमांनी ते चाळायचे, आणि सगळ्यांचे मिळून काय म्हणणे आहे ते सांगायचे. याला आढावा म्हणत. आढाव्याला वजन असे, कारण ते एका माणसाचे मत नसे. नियम छापलेले असत. तेच नियम घेऊन दुसरे कुणीही बसले तरी त्याला तेच उत्तर यायला हवे, अशी त्यामागची कल्पना. म्हणून प्रत्येक अभ्यास दोघांनी वाचायचा, तोही एकमेकांना न विचारता.

या वेळचा प्रश्न कानांचा होता. पत्रा ठोकणाऱ्या प्रेस मशीनवर काम करणाऱ्या कामगारांची श्रवणशक्ती टिकवायला इअरप्लग आणि ते वापरण्याचे प्रशिक्षण एवढे पुरते का, की मशीनचा आवाजच कमी करावा लागतो? मॅडमनी बऱ्याच वर्षांपूर्वी याच प्रश्नावर आढावा लिहिला होता. इअरप्लग आणि प्रशिक्षण पुरते, असे त्यांचे उत्तर होते. त्या आढाव्याने मॅडमचे नाव झाले. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कितीतरी कारखान्यांत सुरक्षा सप्ताह आला की त्यातली आकृती पडद्यावर दिसे. आता प्रेस-शॉप मालकांच्या एका संघटनेला त्याची ताजी आवृत्ती हवी होती. ती हाती आली की मशीनभोवती आवाज अडवणारी कव्हरे बसवायची की नाही, हे ते ठरवणार होते.

मॅडमच्या मते काम सोपे होते. मधल्या काळात झालेले नवे अभ्यास जुन्यांत मिसळायचे. मिनलने मात्र आधी जुनाच आढावा पुन्हा करून पाहिला. छापलेले नियम घेतले, त्या काळापर्यंतचेच अभ्यास घेतले आणि वाचत गेली. तिला मॅडमचे उत्तर येईना.

"माझे बरेच अभ्यास गाळलेस तू," मॅडम म्हणाल्या.

"नियमात बसत नाहीत मॅडम. कामगारांचे कान किमान वर्षभर तपासलेले हवेत, हा तुमचाच नियम आहे. यातल्या काहींनी महिन्या-दोन महिन्यांत गाशा गुंडाळलाय."

"चांगले अभ्यास होते ते. या विषयात माझी उमर गेली. कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा, हे सगळं लिहून ठेवता येत नसतं."

"मग ते दुसऱ्याला करूनही बघता येणार नाही."

मॅडमनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. मिनलला या कामात त्यांनीच आणले होते. काळेवाडीतून दोन बस बदलून येणाऱ्या या मुलीला शेजारी बसवून, एखाद्या अभ्यासातला तक्ता कसा वाचायचा, लेखकाने कुठे हात आखडता घेतला आहे ते कसे ओळखायचे, हे त्यांनीच शिकवले होते. येत्या महिन्यात तिला टीम लीड करायचे, हेही त्यांनीच ठरवले होते.

"एक विचारू?" मॅडमचा आवाज खाली आला. "तुझे वडील प्रेसवर होते ना?"

मार्करचे टोपण लावता लावता मिनलचा हात थांबला.

"होते."

"त्यांना ऐकू कमी येतं, तूच सांगितलं होतंस. उद्या कोणी म्हटलं की या मुलीला हेच उत्तर हवं होतं, तर?"

मुबीन आपल्या बुटांकडे पाहत होता.

"म्हणू शकतं," मिनल म्हणाली. "म्हणूनच दुसऱ्याने वाचायला हवं. खरोखर वाचायला हवं."

'खरोखर' हा शब्द तिने मुद्दाम वापरला होता आणि तो तिघांनाही कळला. कंपनीत दुसरा वाचक म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होते. वेळ कमी असे, कामे खूप असत. दुसरा वाचक सारांशावर नजर टाकी आणि पहिल्याच्या खुणांशेजारी आपल्या खुणा करून मोकळा होई. मॅडमच्या जुन्या आढाव्यावरही दुसऱ्या वाचकाचे नाव होते. त्याने काय वाचले असे कुणी विचारले की मॅडम दुसरे काहीतरी बोलायला लागत.

"ठीक आहे." मॅडम उठल्या. "मुबीन, उद्यापासून हे तू बघ. माझे जुने अभ्यास पाया धरायचे आणि नवे जोडायचे. पुढच्या सोमवारी मला तयार हवं. मिनल, तू मधुमेहाच्या कामातले संदर्भ तपासून दे."

"जी मॅडम," मुबीन म्हणाला.

*

गेटबाहेरच्या टपरीवर मिनलने त्याला गाठले. मुबीन नेहमीसारखा बाकड्याच्या टोकाला बसला होता. दोघे एकाच वर्षी कंपनीत लागले होते; डबे एकत्र खात, मॅडमच्या लकबींवर हसत. तिने चहा घेतला आणि त्याच्या शेजारी बसली.

"जी म्हणालास तू."

"म्हणालो."

"मुबीन, एकदा माझं ऐकून घे. त्यातला तो पहिलाच अभ्यास जो आहे ना..."

"नको."

"काय नको?"

"मला काही सांगू नकोस. त्यातलं एक अक्षरही नको." त्याने अर्धा भरलेला ग्लास बाकड्यावर ठेवला आणि उठला. "आणि प्लीज, फोनही करू नकोस."

तो रस्ता ओलांडून गेला. डंपर जाईपर्यंत दुभाजकाशी थांबला, तेव्हाही त्याने मागे पाहिले नाही.

मिनलला त्याचा राग आला, पण नवल वाटले नाही. मुबीनच्या वडिलांचे, चांदभाईंचे, चिखलीत छोटे वर्कशॉप होते. दोन प्रेस, मोठ्या कंपन्यांना लागणारे ब्रॅकेट आणि वॉशर काढून द्यायचे काम. कव्हरे सक्तीची झाली तर मोठ्यांचे काही बिघडणार नव्हते. चांदभाईंसारख्यांनाच ते जड जाणार होते. मुबीनने डबा खाताना हे एकदा बोलून दाखवले होते. शिवाय त्याचे नुकतेच लग्न झाले होते. मॅडमना नाराज करणे त्याला परवडणारे नव्हते. सगळे तिला समजत होते, आणि समजत होते म्हणूनच जास्त लागत होते.

पुढचे दिवस त्याने खिडकीजवळची जागा सोडून दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला बस्तान हलवले. कानात हेडफोन. डबा बाकीच्यांबरोबर. लिफ्टमध्ये समोरासमोर आले तर तो मोबाइलमध्ये डोके घाली. मग तो ऑफिसला यायचाच बंद झाला. घरून काम करतोय, असे कळले.

मिनल मधुमेहाचे संदर्भ तपासत राहिली. टीम लीडसाठी दुसऱ्या मुलीचे नाव गेल्याचा मेल आला, तो तिने वाचला आणि त्या मुलीच्या टेबलाशी जाऊन तिचे अभिनंदन करून आली. मॅडमना तिने एकच मेल लिहिला. त्यात तिने आपली सगळी निवड कारणांसह जोडली आणि खाली लिहिले की ही माझ्या नावाने नोंदीत राहू द्यावी. मेलला उत्तर आले नाही. तिने राजीनामा द्यायचा विचार केला नाही असे नाही. पण आपण गेलो तर फळा पुसायला कुणाला उठावेही लागणार नाही, हे तिला दिसत होते.

घरी साहेबराव, तिचे वडील, गॅलरीत बसून मेथी निवडत होते. टीव्हीचा आवाज बाहेरच्या रस्त्यापर्यंत जात होता. मिनलने तो कमी केला आणि त्यांच्यासमोर पाट घेऊन बसली.

"पप्पा, कंपनीत तुम्ही कानात घालायचा का इअरप्लग?"

"काय?"

तिने कानाला बोट लावून पुन्हा विचारले.

"घालायचो की. पण मागनं कुणी हाक मारली, क्रेन आली, तर कळाय नगं? मग काढून खिशात टाकायचो."

"साहेब आला की पुन्हा कानात," आतून कस्तुराबाई म्हणाल्या. "धुवायला टाकलेल्या पँटीत सापडायचे मला."

मिनलने काड्या बाजूला काढल्या. हे कुठे लिहायचे नव्हते. एका माणसाची हकिगत म्हणजे पुरावा नव्हे, हे तिनेच नव्या मुलांना शिकवले होते. पण मॅडमचे बोलणे तिला पुन्हा पुन्हा आठवे. तिने ते सगळे अभ्यास वाचले तेव्हा या गॅलरीतून येणारा टीव्हीचा आवाज तिच्या डोक्यात नव्हता कशावरून? तिने पुन्हा तपासले असते, पण स्वतःला तपासायचे तर तेही स्वतःच्याच डोळ्यांनी तपासावे लागत होते.

"तुझं काय बिनसलंय?" साहेबरावांनी विचारले.

"काही नाही. ज्याने वाचायला हवं तो वाचत नाहीये, एवढंच."

"कोण वाचत न्हाई?" त्यांनी मेथी खाली ठेवली. "आजारी हाय का कुणी?"

कितीतरी दिवसांनी मिनलला हसू आले.

"व्हय पप्पा," ती मोठ्याने म्हणाली. "आजारीच आहे म्हणा."

*

रविवारी दुपारी तिने स्कूटर काढली. दुसऱ्या दिवशी मुबीन मॅडमना आढावा देणार होता. तो कागद वर जाण्याआधी त्याला तोंडावर चार शब्द सुनवायचे, एवढेच तिने ठरवले होते. बोलायचे काय, ते स्पाइन रोडवरच्या प्रत्येक सिग्नलला तिने मनात जुळवले आणि पुढच्या सिग्नलला बदलले.

चिखलीतल्या त्या गल्लीत वर्कशॉपची सुट्टी गुरुवारी असे, त्यामुळे रविवार असूनही सगळी शटर उघडी होती. चांदभाईंची प्रेस लांबूनच ऐकू येत होती. दर ठोक्याला पायाखालची फरशी हलत होती. चांदभाई कानांवरून रुमाल बांधून स्टुलावर बसले होते. तिला पाहून त्यांनी हात वर केला आणि मशीन थांबवले.

"मिनल ना तू? लग्नात आली होतीस."

"हो चाचा. मुबीन आहे?"

"वर आहे. खाली उतरतच नाही. काय अभ्यास करतोय म्हणे. लग्न झाल्यावर कसला अभ्यास? सूनबाई कंटाळून माहेरी जाऊन बसली." ते हसले आणि जिन्याकडे बोट केले.

वरच्या खोलीचे दार उघडे होते. मिनल उंबऱ्याशी पोचली आणि जुळवलेले पहिले वाक्य तोंडात येण्याआधीच थांबली. पलंगावर, फरशीवर, खिडकीच्या कठड्यावर कागद होते. एकेक अभ्यास टाचण लावून वेगळा, पंख्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर एक वॉशर ठेवलेला. जवळच्या गठ्ठ्याच्या समासात पेन्सिलीने बारीक टिपा होत्या, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मुबीन मधोमध मांडी घालून बसला होता. दाढी वाढली होती. तिला पाहताच त्याने हातातला कागद पालथा घातला.

"आत येऊ नकोस."

"मुबीन..."

"थोडेच राहिलेत. काही बोलू नकोस. तुझ्या तोंडावरूनही कळेल मला." त्याने तिच्याकडे पाहायचे टाळले. "खाली बस. मी येतो."

मिनलने चौकटीला धरलेला हात काढला. मग शब्दही न बोलता ती जिना उतरली. तो खरोखर वाचत होता.

मुबीनच्या आईने, नूरबींनी, तिला चहा आणि खारी दिली. चांदभाईंनी मशीन पुन्हा सुरू केले होते. नूरबींनी नवऱ्याला चहासाठी हाक मारली, मग पुन्हा मारली, शेवटी जाऊन खांद्याला हात लावला. चांदभाई बशी घेऊन मिनलजवळ आले.

"ते कव्हरचंच चाललंय ना तुमचं?"

"हो चाचा."

"मग? घालावं लागणार?"

"माहीत नाही."

"एवढ्या शिकलेल्या पोरांना माहीत नाही, मग कोणाला माहीत?"

"जे माहीत आहे म्हणतात, त्यांनी नीट बघितलेलं नाही. एवढंच मला माहीत आहे."

चांदभाईंनी चहाचा घोट घेतला. तिचे बोलणे त्यांना ऐकू आले की नाही कळले नाही. "आमचा मुबीन बघेल नीट," ते म्हणाले. "लहानपणापासून तसाच आहे. बिर्याणीतला तांदूळ मोजत बसायचा."

उन्हे कलल्यावर मुबीन खाली आला. हातात लॅपटॉप होता. त्याने बाकावरचे पत्र्याचे तुकडे बाजूला सारले आणि तो तिच्यासमोर ठेवला.

"आता बोल."

"काय आलं?"

"निश्चित सांगता येत नाही."

मिनलने ओढणीचे टोक मुठीत धरले होते, ते सोडले. तिला वाटले होते त्यापेक्षा ते वाक्य लहान होते. तिने पर्समधून आपला तक्ता काढला. दोघांनी ते शेजारी शेजारी ठेवले आणि एकेक ओळ लावत गेले. जुळत होते, जुळत होते, आणि एका ओळीवर मुबीनचे बोट थांबले.

"हा तू का टाकलास?"

"त्यात तुलनेसाठी दुसरा गट नाही. नियम आहे."

"गट आहे की. शेवटच्या तक्त्याखाली, बारीक अक्षरात. थांब." त्याने पान उघडून दाखवले.

मिनलने ते वाचले. पुन्हा वाचले. तो बरोबर होता. तो अभ्यास इअरप्लगच्या बाजूने बोलणारा होता, आणि तिने तो पाहिला नव्हता. तिचे कान तापले. तरी ती त्या बारीक ओळीकडे पाहत हसायला लागली.

"हसतेस काय? चुकली आहेस तू."

"हो. चुकलेय." तिने डोळे पुसले. "आणि हा धरला तर?"

"थोडं मॅडमच्या बाजूला झुकतं. निष्कर्ष हलत नाही."

प्रेस सुरूच होती, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावे लागत होते. पुढचे बोलताना मात्र मिनलचा आवाज आपोआप खाली आला.

"मला वाटलं, तू घाबरलास."

"काय?"

"घाबरलास, असं वाटलं मला."

"घाबरलोच होतो. अजूनही आहे." त्याने वडिलांच्या पाठीकडे पाहिले. "प्रत्येक अभ्यास उघडताना वाटायचं, मॅडमचंच उत्तर येऊ दे. खोटं नाही बोलत मिनल. शेवटपर्यंत वाटत होतं."

"मग?"

"आलं नाही."

"मला आधी सांगितलं असतंस तर..."

"तू टपरीवर बोलली असतीस तर मी तुझं ऐकलं असतं, नाहीतर तुझ्याशी भांडलो असतो. दोन्हीत वाचायचं राहून गेलं असतं."

*

सोमवारी दोघे एकत्रच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. मॅडमनी मुबीनचे पान वाचले, मग मिनलचे. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

"मी तुला काय सांगितलं होतं, मुबीन?"

"जुने अभ्यास पाया धरायला."

"मग?"

"ते वाचले मॅडम. नियमात बसत नाहीत."

"तुझ्या वडिलांचं वर्कशॉप आहे ना?"

"आहे. दोन प्रेस आहेत."

मॅडम मिनलकडे वळल्या. "संघटना हे घेणार नाही. 'माहीत नाही' हे ऐकायला कोणी आपल्याकडे येत नाही. पुढचं कामही जाईल."

"जाईल," मिनल म्हणाली. "तुम्हाला जुनंच पाठवायचं असेल तर पाठवा मॅडम. आमची नावं काढा. पण 'दोन वाचकांनी स्वतंत्रपणे वाचले', हे वाक्यही काढावं लागेल. ते खरं नाही, हे सांगणारे आता दोघे आहेत."

"धमकी देतेस?"

"नाही. पहिल्या वर्षी तुम्हीच सांगितलं होतं, पद्धत खोटी लिहिली की पुढचं सगळंच खोटं."

मिनलला वाटले, आता त्या दार दाखवतील. तिने पर्सचा पट्टा खांद्यावर नीट केला. मुबीन खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. तो हलला नाही.

मॅडमनी दोन्ही पाने पुन्हा जवळ ओढली. त्यांचे बोट ओळींवरून खाली येत एका ठिकाणी थांबले.

"हा अभ्यास. मिनल, तू टाकलास. मुबीन, तू घेतलास."

"मुबीनचं बरोबर आहे," मिनल म्हणाली. "तुलनेचा गट होता. माझ्या नजरेतून सुटला."

"तुलनेचा गट होता," मॅडम म्हणाल्या, "पण मध्येच कंपनीने त्या गटालाही इअरप्लग वाटले. मग तुलना कसली राहिली? परिशिष्टात आहे ते. तुम्ही दोघांनी परिशिष्ट उघडलंच नाही."

मिनलने मुबीनकडे पाहिले. मुबीनने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे हाही गळतो," मिनल सावकाश म्हणाली.

"गळतो."

मॅडमच्या जुन्या आढाव्यात हा अभ्यास सर्वांत वरती होता. पडद्यावर झळकणारी ती आकृती मुख्यतः त्याच्याच आकड्यांवर उभी होती. मॅडमनी कोपरापाशी ठेवलेली त्या अभ्यासाची प्रत उचलली. कागद कोरा करकरीत होता, जुन्या फायलीतला नव्हता; हल्लीच छापून घेतलेला होता. परिशिष्टाच्या पानावर पेन्सिलीची रेघ होती.

मुबीन त्या रेघेकडे पाहत राहिला. मिनलने नजर काढून घेतली आणि खिडकीबाहेर पाहिले.

"बुधवारी संघटनेची बैठक आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा कोरडा होता. "तिथे हे कोणालातरी उभं राहून सांगावं लागेल."

"मी सांगते," मिनल म्हणाली.

"तू नाही. ते टीम लीडचं काम आहे, आणि ते मी तुला दिलेलं नाही. तो निर्णय बदलणार नाही."

"राहू द्या."

"जुना आढावा माझा आहे. मीच सांगेन. तुम्ही दोघं मागे बसा. कोणी विचारलंच, हे किती जणांनी वाचलं..." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तर तिघांनी, असं सांगा."

मॅडमनी ती प्रत टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली.

"आणि परिशिष्ट वाचल्याशिवाय जेवायला जायचं नाही."